कॉल न तोडता डायल-अप मोडेमला (फोनलाइनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या यंत्राला) कमांड कशी द्यायची?
आधी एक सेकंद काहीही टाइप करू नका, मग लागोपाठ +++ दाबा आणि पुन्हा एक सेकंद थांबा. स्क्रीनवर ओके आलं की लाइन तशीच राहून मोडेम कमांड मोडमध्ये येतो, म्हणजे टाइप केलेलं पलीकडे न पाठवता स्वतःसाठीची कमांड समजतो. परत बोलणं सुरू करायला एटीओ (ATO), फोन ठेवायला एटीएच (ATH), दोन्हींनंतर एंटर. +++ नंतर मात्र एंटर दाबायचा नाही, बहुतेकांचं तिथेच चुकतं: एंटर हेही अक्षरच, त्यामुळे शांततेचा सेकंद मोडतो आणि तीन अधिकचिन्हं साधा मजकूर म्हणून पलीकडे पोचलेली असतात. कनेक्ट झाल्यावर +++ न देता नुसतं एटी (कमांडची सुरुवातीची अक्षरं) टाइप करूनही हेच होतं. ही आगेमागेची शांतता हेज या कंपनीच्या स्मार्टमोडेमची (१९८१) युक्ती आहे. फाइल जाताना मधेच +++ आलं तरी मोडेम फसू नये म्हणून. तिची लांबी मोडेमच्या एस१२ रजिस्टरमध्ये (सेटिंग साठवायच्या जागेत) सेकंदाच्या पन्नासाव्या भागात असते. तिथे साधारणपणे ५० असतं, म्हणजे एक सेकंद, एटीएस१२? टाकून बघून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा: हेजने या युक्तीचं पेटंट घेतलं होतं, म्हणून काही कंपन्यांच्या मोडेममध्ये ही शांतता लागतच नाही. अशा मोडेमवर पाठवलेल्या मजकुरात +++एटीएच आणि लगेच एंटर आलं, तर चालू कॉल तुटतो. तिथे डायल करण्याआधी एटीएस२=२५५ द्या, म्हणजे +++ ओळखणंच बंद होतं.