तासाला किती, हे आधी विसरा

अमेरिकेतले मराठी नेमबाज वर्षभर एकच विचारताहेत: घरी काडतुसं भरायला प्रोग्रेसिव्ह प्रेस कोणतं घेऊ? म्हणजे दांड्याच्या एका ओढीत, फिरत्या थाळीवरच्या सगळ्या पुंगळ्यांवर (काडतुसांच्या रिकाम्या कवचांवर) एकदम काम करणारं यंत्र; थाळीभोवतीची कामाची प्रत्येक जागा म्हणजे एक स्टेशन. वेगवेगळं उत्तर देऊन थकलो, म्हणून सगळ्यांना एकदम.

प्रश्न : पहिलंच प्रेस. थेट प्रोग्रेसिव्ह घेतलं तर? (ऑस्टिन)

नको. आधी सिंगल स्टेजवर, म्हणजे एका ओढीत एकच काम करणाऱ्या साध्या प्रेसवर, काही शे काडतुसं भरा, तीही क्लबातल्या जाणत्या माणसाच्या शेजारी बसून. ते प्रेस पुढे वाया जात नाही.

प्रश्न : महिन्याला 9 एमएमची चारशे काडतुसं लागतात. दुकानदार म्हणतो, थाळी आपोआप फिरणारं घ्या, तासाला हजार निघतील. (डॅलस)

दुकानदाराचा हजार म्हणजे नुसता दांडा ओढण्याचा हिशोब. प्रायमरची (पुंगळीच्या बुडाशी बसणाऱ्या, पावडर म्हणजे बारूद पेटवणाऱ्या टोपीची) नळी शंभरावर संपते, ती भरायला वेळ लागतो. दर थोड्या वेळानं पावडर तोलायची असते, त्यालाही लागतो. तो वेळ त्यानं धरलेला नाही. तुमच्या चारशेला डिलन 550 सारखं, थाळी हातानं फिरवायचं चार स्टेशनांचं यंत्र पुरे.

पण त्यातली मेख ऐका. थाळी फिरवायची राहिली आणि दांडा पुन्हा ओढला, की त्याच पुंगळीत पावडरचा दुसरा डोस पडतो. 9 एमएमच्या बऱ्याच पावडरींचा डोस इतका छोटा असतो की दुप्पट पडला तरी पुंगळीबाहेर सांडत नाही. वर गोळी बसते, काडतूस देखणं दिसतं, आणि हातात पिस्तूल फुटू शकतं. डिलन 750 किंवा हॉर्नडीच्या लॉक-एन-लोड एपीमध्ये थाळी आपोआप फिरते, म्हणून हा धोका कमी. गेला मात्र नाही. काही अडकलं आणि तुम्ही दांडा अर्ध्यावर खालीवर केलात, की पुन्हा तेच. या दोन्ही यंत्रांत पाच स्टेशनं असतात, त्यांचा खरा फायदा वेग नव्हे. पावडर तपासणारी डाय (स्टेशनावर बसवायचा सुटा भाग) लावायला तिथे जागा मिळते. आरसीबीएसची लॉक-आउट डाय पावडर जास्त किंवा कमी दिसली तर दांडाच अडवते.

आणि दिवा लावा! थाळीवर एलईडीची पट्टी चिकटवा, गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावा. माझा फोन वाजला, मी मध्येच उठलो, परत येऊन दांडा ओढला. एका पुंगळीत पावडर पडलीच नव्हती. रेंजवर बार न होता नुसतं ‘फट्’ झालं आणि गोळी पिस्तुलाच्या नळीत अडकली. रेंज ऑफिसर ओरडला म्हणून पुढचा चाप ओढला नाही. आता उठायचं झालं तर थाळीवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून ठेवतो. ज्या यंत्रात तुम्हाला पुंगळीच्या तळाशी पावडर दिसत नाही, ते दुकानात कितीही चकचकीत असू दे, घेऊ नका. आधी कुणाचं तरी चालवून बघा.

प्रश्न : मी एच-वन-बीवर आहे. मित्र म्हणतो, बंदूक नाही, नुसतं प्रेस घ्यायला काय हरकत? (सिअ‍ॅटल)

मित्राला व्हिसाची काळजी नाही, तुम्हाला असावी. या व्हिसावर संघीय कायद्यानं साधारणपणे बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगता येत नाहीत. राज्याचा वैध शिकार परवाना हा एक अपवाद. त्या कायद्यात पुंगळ्या, प्रायमर, पावडर आणि गोळ्याही काडतुसांतच मोडतात. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक डबासुद्धा आणू नका.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर पावडरचं माप आलंय. वापरू? (शिकागो)

पुसून टाका. पावडर कंपनीचा ताजा तक्ता बघा आणि त्यातल्या सर्वांत खालच्या मापापासून सुरुवात करा.

प्रश्न : मुलगा .22 रायफल खेळतो. अमेरिकेतला भाचा प्रेस आणतो म्हणतोय. (कोल्हापूर)

.22 चं प्रायमर मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं, त्यामुळे ती या प्रेसवर भरताच येत नाही. दुसरं म्हणजे भारतात काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवाना लागतो. भाच्याला बॅगेत दुसरं काहीतरी आणू दे. काडतुसांचं रायफल असोसिएशनलाच विचारा.

प्रश्न : जुनं प्रेस घेऊ का? (अटलांटा)

घ्या. वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू आहे का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

प्रश्न : नऊ वर्षांची मुलगी पुंगळ्या चाळायला मदत करते. चालेल ना? (ह्यूस्टन)

नाही. वापरलेल्या पुंगळ्या ज्या भुशात घासून साफ करतात, त्याच्या धुळीत शिसं असतं. आजच थांबवा आणि तिच्या डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा.