मिस्ड कॉल म्हणजे गोळी नव्हे

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. दोनदा वाचलं आणि चार दिवस तसंच टेबलावर ठेवलं. लगेच उत्तर लिहिलं असतं तर त्यात नुसतं कौतुकच आलं असतं, आणि तुला आत्ता त्याची गरज नाही. एम.टेक. वायरलेसमध्ये केलंस, शनिवार-रविवार गोवंडीत पाण्याच्या आणि घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या मुलांबरोबर फिरतेस, आणि पीएच.डी. करायची आहे क्षयरोगावर. इलेक्ट्रॉनिक्सवाले विचारतात, यात नवीन काय? मेडिकलवाले म्हणतात, तू डॉक्टर नाहीस. वस्तीतले कार्यकर्ते म्हणतात, आणखी एक सर्व्हे कशाला? दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात, माझे तर तीन डगरींवर आहेत, असं तू लिहिलंस. ते वाक्य वाचून जीव कळवळला, कारण तुझ्या वयात मीही तिथेच उभा होतो.

सल्ल्याआधी एक खरी हकिगत सांगतो. क्षयाचे रुग्ण रोज गोळी घेतात का, यावर फोनवरून नजर ठेवणारी ९९डॉट्स ही पद्धत तुला ऐकून माहीत असेल. क्षयाच्या गोळ्यांच्या पाकिटाला बाहेरून कागदी आवरण असतं. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला फोन नंबर दिसतो. रुग्णानं त्या नंबरवर फुकटचा कॉल द्यायचा. आज कुठला नंबर निघणार हे गोळी काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून कॉल आला म्हणजे गोळी बाहेर निघाली. एरवी सहा महिने औषध घ्यायचं म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गिळायचं, त्यासाठी रोजगार बुडवायचा, दवाखान्याच्या दारात शेजाऱ्यांच्या नजरेला पडायचं. ते सगळं एका मिस्ड कॉलवर आलं. माझ्यासारख्या रेडिओ लहरींवर काम करणाऱ्या माणसाला त्याची भुरळ पडली. साधा फोन, एक पैसा खर्च नाही, आणि देशभर चालू शकेल अशी युक्ती.

मग काही लोकांनी एक साधा प्रश्न विचारला. कॉल आला, पण गोळी पोटात गेली का? चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या बीना थॉमस, संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर रामनाथ सुब्बरामन आणि त्यांचे सहकारी चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी न सांगता गेले आणि लघवी तपासली. आयसोनायझिड हे क्षयावरचं औषध नुकतंच घेतलं असेल तर चाचणीत रंग बदलतो. तो रंग आणि संगणकातली नोंद त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या लघवीत औषध सापडलं, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के लोकांचीच ‘घेतलं’ अशी नोंद होती. आणि ज्यांच्या लघवीत सापडलं नाही, त्यांच्यापैकी सुमारे ६१ टक्केच ‘घेतलं नाही’ म्हणून ओळखले गेले होते. म्हणजे गोळी न घेतलेल्या दहांतले जवळपास चार जण संगणकाच्या पडद्यावर हिरवे, म्हणजे ‘घेतलं’ असे, दिसत होते.

या आकड्यांपाशी जरा थांब. फोन नवऱ्याकडे आणि नवरा कामावर, ही एका घरातली गोष्ट. रेंज दारापाशीच तुटते, ही दुसऱ्या घरातली. कुणी गोळी काढतं, कॉल देतं, आणि उलटीच्या भीतीनं ती गोळी उशीखाली ठेवतं. आपण वायरलेसवाले पहिल्याच वर्षी शिकतो की अँटेनाला मिळतो तो सिग्नल म्हणजे पाठवलेला संदेश नव्हे. भिंतींवर आपटून, वाकून, गोंगाटात मिसळून जे येतं त्यावरून आपण अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजात चूक किती हे शोधण्यात हयात घालवतो. इतकं शिकलेले आपण, माणसांच्या बाबतीत मात्र ते विसरतो. फोनची नोंद फोनच्याच दुसऱ्या नोंदीनं तपासून भागत नाही. तपासणारी गोष्ट वेगळ्या जातीची हवी. तिथे ती लघवी होती. आरोग्यसेविकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं दुसरं औषध घेतलं की लघवी नारिंगी होते, आणि त्या रंगावरून त्या ओळखत आल्या आहेत.

तुझ्या तीन डगरींचं उत्तर मला इथेच दिसतं. तीन विषयांत पारंगत व्हायची खटपट सोड. एका विषयाच्या मापाची चूक दुसऱ्या विषयाच्या हातानं पकडता येते, एवढ्यासाठी तिन्ही जवळ ठेव.

न सांगता दारात जाण्याइतकी ओळख कुठून येते, हेही बघ. हेच सुब्बरामन त्याआधी ‘पुकार’ या मुंबईच्या संस्थेबरोबर कौला बंदरात काम करत होते. रे रोडच्या पूर्वेला, जुनी जहाजं फोडतात त्या दारुखान्याजवळची, पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवरची ही वस्ती. केंद्राची जमीन, म्हणून ‘घोषित’ झोपडपट्टी नाही, म्हणून हक्काचा नळ नाही. पुकार सुरू केली मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी, आणि पुढे ती सांभाळली अनिता पाटील-देशमुख यांनी, ज्या अमेरिकेत नवजात बालकांच्या डॉक्टर होत्या. पाण्याची पाहणी केली ती वस्तीतल्याच तरुण मुलामुलींनी. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जवळपास ९५ टक्के घरांत माणशी रोज ५० लिटरही पाणी मिळत नव्हतं, आणि मोटर लावून ओढलेल्या त्या पाण्यासाठी लोक महापालिकेच्या दराच्या पन्नास पटींहून जास्त पैसे मोजत होते. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला पाण्याचा भाव कुणी खरा सांगितला नसता. पाणी विकणाराही शेजारीच राहतो, त्याच्याशी वाकडं कोण घेणार? शेजारच्या मुलीनं विचारलं म्हणून तो भाव कागदावर आला.

अप्पादुराई संशोधनाला हक्क मानतात. आपल्या आयुष्याबद्दल पद्धतशीर विचारण्याचा आणि शोधण्याचा हक्क, शिकलेल्याला आणि न शिकलेल्यालाही. मला हे पूर्ण पटतं. तुझे कार्यकर्ते मित्र ‘आणखी एक सर्व्हे कशाला’ म्हणतात, तेव्हा ते हाच हक्क मागत असतात. प्रश्न ठरवताना त्यांना बसव. आकडे गोळा झाल्यावर आभाराच्या पानावर नव्हे.

माझ्या हातून हे घडलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका वस्तीत दमटपणा मोजणारी काही यंत्रं लावली. आकडे दर पाच मिनिटांनी बिनतारी यायचे. आलेख इतका देखणा होता की आम्ही तो एका परिषदेत दाखवलाही. तीन महिन्यांनी यंत्रं काढायला गेलो, तर एका घरात यंत्रावर जुन्या लुगड्याची चौपदरी घडी शिवून बसवलेली. लाल दिवा रात्रभर लुकलुकायचा, नातू झोपायचा नाही, म्हणून आजींनी पहिल्याच आठवड्यात ते झाकलं होतं. आम्ही तीन महिने त्या लुगड्याच्या आतली हवा मोजत होतो. आजींनी काही चुकीचं केलं नव्हतं. दिवा कशाला, हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्रास होतो का, हे एकदाही विचारलं नव्हतं. तो आलेख मागे घेतला, पण त्याची बोच गेली नाही.

आता तुझ्या प्रस्तावाकडे येतो. रेडिओ लहरींनी खोलीतल्या माणसांचा श्वास मोजायचा, असं तू लिहिलं आहेस. कल्पना मोठी आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात दीना कताबी यांच्या गटानं २०१५ मध्ये आठ मीटरपर्यंतच्या अंतरावरून, अंगाला काहीही न लावता, श्वास आणि हृदयाचे ठोके मोजून दाखवले. छाती काही मिलिमीटर हलते, तेवढ्यानं परतलेली लहर बदलते. पण गोवंडीत खोली २२५ चौरस फुटांची, माणसं सहा-सात, पंखा चालू, एका भिंतीला पत्र्याचं कपाट. तिथे कुणाचा श्वास कोणता, हे वेगळं करण्यात तुझी चार वर्षं जातील. आणि जमलं तरी पुढे काय? तो आकडा घेऊन वस्तीतली बाई कुणाकडे जाणार?

तिथल्या इमारती स्वतःच प्रश्न विचारताहेत. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, इथे रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत उठवलेली कुटुंबं आणून ठेवली, तीही इतक्या जवळजवळच्या इमारतींत की खालच्या मजल्यांवर दुपारी दिवा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं आयआयटीच्या संशोधकांबरोबर २०१८ च्या सुमारास दाखवून दिलं की जिथे ऊन आणि वारा पोचत नाही तिथे, आणि खालच्या मजल्यांवर, क्षय जास्त आहे. घराच्या नकाशातच रोग आहे. बांधकामाच्या नियमावर बोट ठेवेल असं माप हवं.

म्हणून माझं सुचवणं साधं आहे. कार्बन डायऑक्साइड मोज. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो, आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४०,०००. खोलीत २,४२० भरला, तर वरचे २,००० श्वासांतून आले, म्हणजे आत घेतलेल्या हवेचा विसावा हिस्सा आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून येऊन गेला. क्षय हवेतून पसरतो, त्यामुळे हा आकडा डॉक्टरला कळतो, वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनिअरला कळतो, आणि खोलीतल्या बाईला सगळ्यांत आधी कळतो. तुझं वायरलेस इथे हमालाचं काम करेल, आकडे वाहून नेण्याचं. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना आपल्याकडे परवाना लागत नाही, आणि काँक्रीटमधून त्या वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्या जातात. हे काम तुला कमीपणाचं वाटू नये. जिन्यांच्या आणि भिंतींच्या त्या गर्दीतून बारा महिने, पावसाळ्यासकट, एकही आकडा न गाळता आणणं ही अस्सल इंजिनिअरिंगची परीक्षा आहे.

इथेही वेगळ्या जातीचा साक्षीदार लागेल. गॅस पेटला की कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याचा श्वासाशी संबंध नाही. चूल कधी पेटली, पाहुणे कधी आले, खिडकी डासांमुळे बंद की उंदरांमुळे, हे घरातली बाईच सांगेल. तिची वही आणि तुझा आलेख एकाच पानावर लाव. ती वही लिहिणाऱ्यांची नावं लेखकांत घाल.

व्यवहाराचं थोडक्यात. नोंदणी एकाच विभागात कर, माझ्या मते इलेक्ट्रॉनिक्समध्ये, कारण तिथलं काम तुझ्या हातात आहे. सहमार्गदर्शक सामुदायिक आरोग्याचा घे. माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे पहिल्या वर्षीच जा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाच. संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत स्वतः लिही, आणि वस्तीतल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लाव. जिथे वाचणारी व्यक्ती अडखळेल तिथे तू काहीतरी लपवलं आहेस असं समज.

जगदीशचंद्र बोसांचा दाखला तू दिलास, की तेही रेडिओकडून वनस्पतींकडे वळले. खरं आहे. पण त्यांनी दोन्हीकडची उपकरणं स्वतः घडवली होती आणि प्रत्येकाची खोट त्यांना ठाऊक होती, एवढं त्यांच्याकडून घे.

माझ्या कपाटात एक जुना कार्बन डायऑक्साइड मीटर आहे, रविवारी येऊन ने. त्यात एक सोय आहे, ती आधी बंद कर. आठवडाभरात दिसलेला सगळ्यांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं तो धरून चालतो आणि स्वतःला त्याप्रमाणे जुळवून घेतो. ज्या खोलीत आठवड्यातून एकदाही मोकळी हवा येत नाही, तिथे तो हळूहळू खोटं, कमी दाखवू लागतो. म्हणजे ज्या घरासाठी तू जाणार, नेमकं तिथेच फसवेल. पहाटे गच्चीवर अर्धा तास ठेव, आकडा वहीत लिही, मग खाली उतर.