आदल्या दिवशीचं फ्रेंच जेवण

प्रश्न : ताई, पुढच्या शनिवारी आमच्या लग्नाला बारा वर्षं होतील. बायकोसाठी घरीच फ्रेंच जेवण करायचं मनात आहे. मागच्या वर्षी सगळं संध्याकाळी करायला घेतलं आणि ती टेबलाशी एकटीच बसून राहिली. शेवटी तीच उठून आत आली आणि सॉस ढवळत उभी राहिली. या वेळी मला तिच्यासमोर बसायचं आहे. आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल? ओव्हन लहान आहे. आम्ही सामिष खातो, पण दोघंही दारू घेत नाही, स्वयंपाकातही नको.
— एक वाचक

उत्तर : ‘मला तिच्यासमोर बसायचं आहे’ हे वाचलं आणि माझ्या लग्नाचा पहिला वाढदिवस आठवला. मी सूफ्ले केलं होतं. अंड्याचे पांढरे फेटण्यात आणि ओव्हनच्या काचेतून आत बघण्यात माझी संध्याकाळ गेली, आणि नवऱ्याशी पहिलं धड बोलणं झालं ते भांडी विसळताना. सूफ्ले फुगलं होतं छान, पण ओव्हनबाहेर आलं की ते काही मिनिटांत बसतं. त्याच्यासाठी माणसांनी थांबायचं असतं. तुम्हाला हवेत ते उलट, माणसांसाठी थांबणारे पदार्थ. म्हणून सूफ्ले, तव्यावरचं स्टेक आणि पुन्हा तापवला की फुटणारा हॉलंदेझ सॉस, हे तिन्ही यादीतून काढून टाका.

फ्रेंच म्हटलं की वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी सुचते. पण वाइन काढून तो पदार्थ करण्यात अर्थ नाही, चवीचा पायाच जातो. त्यापेक्षा नैर्ऋत्य फ्रान्सच्या बास्क प्रांतातली ‘पूले बास्केझ’ ही कोंबडी करा. तिची चव ढोबळी मिरची आणि टोमॅटोवर उभी आहे, वाइनवाचून तिचं अडत नाही. दोघांसाठी कोंबडीच्या मांडीचे हाडासकट चार तुकडे घ्या. छातीचे नकोत, ते दुसऱ्यांदा तापवल्यावर कोरडे पडतात. तुकडे ऑलिव्ह तेलात सोनेरी परतून बाजूला काढा. त्याच भांड्यात दोन कांदे, तीन ढोबळ्या मिरच्या (निदान दोन लाल) आणि लसणाच्या चार पाकळ्या मंद आचेवर पंधरा मिनिटं मऊ होऊ द्या. इथे घाई करू नका, पदार्थाचा गोडवा याच पंधरा मिनिटांत तयार होतो. मग अर्धा किलो टोमॅटो, थाईमच्या (ओव्यासारख्या वासाची पानं) दोन काड्या आणि तिखट घाला. तिकडे एस्पेलेत गावची मिरची वापरतात. फ्रान्समध्ये तिला २००० सालापासून नावाचं कायदेशीर संरक्षण आहे. ती नसेल तर सौम्य, लालभडक तिखट चालेल. तुकडे परत आत सोडून झाकणाखाली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं शिजवा.

हे शुक्रवारी करा. मांडीच्या सांध्यांतलं कोलॅजन नावाचं प्रथिन शिजताना विरघळून रश्शात उतरतं आणि फ्रिजमध्ये रस्सा जेलीसारखा धरतो. घाबरू नका, शनिवारी तापवला की तोच रस्सा तुकड्यांना तकतकीत लपेटतो. वर गोठलेली चरबी चमच्याने काढून टाका. एक मात्र पाळा : शिजल्यावर पसरट भांड्यात काढून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.

कोंबडी चुलीवर, म्हणजे लहान ओव्हन मोकळा राहिला. तो ‘ग्राताँ दोफिन्वा’साठी. बटाट्याचा हा प्रकार आग्नेय फ्रान्समधल्या दोफिने प्रांतातला. १७८८ साली गाप इथे दिलेल्या एका मेजवानीच्या संदर्भात त्याचं नाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं. अर्धा किलो बटाट्यांच्या तीन मिलिमीटरच्या चकत्या करा. चिरल्यावर धुऊ नका, त्यांच्या स्टार्चनेच क्रीम दाटतं. २०० मिली क्रीम आणि १०० मिली दुधात मीठ, जायफळ घालून चकत्या दहा मिनिटं हलक्या उकळा. भाजण्याच्या भांड्याला आतून लसूण चोळा, लोणी लावा, सगळं त्यात ओता आणि १६० अंशांवर तासभर भाजा. जुन्या पद्धतीत यात चीज नसतं, आणि मलाही ते नकोच वाटतं. लसूण आणि जायफळाचा वास त्याखाली दबतो. शनिवारी १५० अंशांवर झाकून अर्धा तास तापवा, मग दहा मिनिटं उघडं ठेवा. आच वाढवलीत तर क्रीममधलं तूप सुटेल.

सुरुवातीला गार लीक, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारखी दिसणारी भाजी. चिरांत माती असते, नीट धुवा. पांढरे भाग मिठाच्या पाण्यात सुरी सहज जाईपर्यंत उकडा आणि चांगले निथळा. गरम असतानाच त्यांवर तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर आणि चमचाभर दिजाँ मोहरी (बाटलीत मिळणारी वाटलेली फ्रेंच मोहरी) घुसळून ओता. फ्रिजमध्ये रात्रभर मुरू द्या. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

फ्रान्समध्ये चीज गोडाच्या आधी येतं, पण ग्राताँच्या क्रीमनंतर मी ते ठेवणार नाही. पाव तेवढा शनिवारीच आणा. ‘बागेत’ हा लांब फ्रेंच पाव दुसऱ्या दिवशी वातड होतो.

गोड सर्वांत आधी, गुरुवारीच. ‘प्वार बेल एलेन’ करा. संगीतकार ऑफेनबाखची ‘ला बेल एलेन’ (सुंदर हेलन) ही ग्रीक पुराणकथेतल्या हेलनवरची संगीतिका १८६४ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आली, तिच्यावरून हे नाव पडलं. दोन घट्ट नासपती देठ ठेवून सोला. अर्धा लिटर पाणी, दीडशे ग्रॅम साखर आणि व्हॅनिलाची शेंग यांत वीस-पंचवीस मिनिटं मंद शिजवा आणि पाकातच ठेवा. शंभर ग्रॅम गडद चॉकलेट शंभर मिली गरम क्रीममध्ये वितळवून सॉसही करून ठेवा.

शनिवारी आठला जेवायचं असेल तर सव्वासातला ग्राताँ ओव्हनमध्ये, साडेसातला कोंबडी मंद आचेवर. रस्सा खदखदला आणि तुकडे हाडापर्यंत गरम झाले की झाकून ठेवा. मग हात धुऊन कपडे बदला. लीक खाईपर्यंत दोन्ही गरम राहतात.

शेवटी नासपतीशेजारी व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा ठेवा आणि गरम केलेल्या सॉसचं भांडं टेबलावरच आणा. मागच्या वर्षी तिने उभ्याने सॉस ढवळला होता. हा तिला बसल्या जागी ओतू द्या, हवा तेवढा.