कोपराच्या ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रियेला ज्याचे नाव मिळाले, तो बेसबॉलपटू नंतर पुन्हा खेळू शकला का?

होय, आणि थोडाथोडका नव्हे, पुढे 14 हंगाम खेळला. जुलै 1974 मध्ये लॉस एंजलिस डॉजर्सचा हा डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू; बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव पिचरच्या नावावर नोंदला जातो) 13 विजय आणि अवघे 3 पराभव अशा बहरात असताना एका सामन्यात त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) तुटले. त्या काळी अशी दुखापत म्हणजे कारकीर्द संपलीच, असे धरले जाई. सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातील एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) काढली आणि डाव्या कोपराच्या हाडांना छिद्रे पाडून ती त्यांतून ओवून घट्ट बसवली. यश येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक एवढीच सांगितली होती. त्यातच पुढे हाताच्या मज्जातंतूने त्रास दिल्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि 1975 चा संपूर्ण हंगाम वाया गेला.

1976 मध्ये तो मैदानात परतला. हंगामात 20 किंवा अधिक विजय त्याने 1977, 1979 आणि 1980 अशा तीन वेळा मिळवले, आणि तिन्ही शस्त्रक्रियेनंतरच. एकूण 288 विजयांपैकी 164 दुरुस्त केलेल्या हाताचे आहेत. 1989 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, तो थांबला. माझ्या मते याचे थोडे श्रेय त्याच्या शैलीलाही द्यावे लागेल, कारण त्याची मदार वेगापेक्षा फलंदाजाजवळ येताना खाली बुडणाऱ्या सिंकर चेंडूवर होती.