बेळगावच्या उन्हाळ्यात घरी ब्रेड केला की पीठ लवकर फुगून आंबट होतंय, यीस्ट खराब आहे का?

यीस्ट चांगलंच आहे ओ, उन्हाचा परिणाम आहे बघा. एप्रिल-मेत आपल्याकडं, निपाणी-चिकोडीकडं तर जास्तच, दुपारी पारा ३५ च्या वर जातो आणि त्या उबेला यीस्ट इतकं जोरात काम करतंय की रेसिपीतल्या दीड तासाच्या कितीतरी आधीच पीठ दुप्पट होतं, मग तसंच ठेवलं की आंबूस वास सुटतो आणि भाजताना मध्येच बसतं. घड्याळ नको, पीठ बघा. साच्यात फुगलेल्या पिठावर ओलं बोट हलकं दाबा, खड्डा हळूहळू थोडा भरून आला तर लगेच भाजायला घाला, भरलाच नाही तर उशीर झालाय.

पाणी फ्रीजमधलं गारच घ्या, आणि ५०० ग्रॅम मैद्याला ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट सांगितलं असलं तर ३ पुरे, मीठ मात्र कमी करू नका, त्यानंच आंबणं आवरतं.

मी तर म्हणेन रात्री मळून झाकून फ्रीजमध्ये ठेवा, पहाटे बाहेर काढून साच्यात फुगू द्या नि ऊन चढायच्या आत भाजा, चव पण जास्त चांगली येते. संध्याकाळी नकोच, वळीव आला की करंट जातो आणि ब्रेड ओव्हनमध्ये अर्धा कच्चाच राहतो.