पाठीवरचा चिखल

‘ताई, वय 46, मुलुंडला राहतो, बँकेत आहे. पूर्वी माउंटन बाइकच्या रेस करायचो, बऱ्यापैकी वरच्या नंबरांत यायचो. 11 वर्षांपूर्वी एका उतारावर पडलो, कॉलरबोन मोडलं, प्लेट बसली. बायकोला तेव्हा सातवा महिना होता. सायकल गावी पाठवली, विषय संपला. गेल्या वर्षी ती गुपचूप परत आणली, सोसायटीच्या पंपरूममध्ये ठेवतो. आठवड्यातून 3 दिवस पहाटे येऊरला जातो, घरी “चालायला जातो” म्हणून सांगतो. डिसेंबरमधल्या एका रेसची फीही भरलीय. हेल्मेट जुनंच आहे, त्यानेच तेव्हा डोकं वाचवलं. बायकोला सांगितलं तर ती नाहीच म्हणेल. आदल्या दिवशी सांगू की जाऊन आल्यावर? आणि या वयात जमेल ना?’
– जुना स्वार, मुलुंड

स्वारसाहेब,

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण जो विचारला नाहीत त्याने माझी झोप उडवली. पहाटे साडेपाचला येऊरला घसरून पडलात, तर तुम्हाला शोधायला कोण येणार, आणि कुठे? बायको बिचारी मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहाच्या आसपास शोधेल, कारण तुम्ही ‘चालायला’ गेलेले. खरा ठावठिकाणा ठाऊक असलेला माणूस एकच, पंपरूमची किल्ली देणारा वॉचमन. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलंच, म्हणजे बिबट्यांचं घर, आणि अंधुक उजेडाची वेळ त्यांची. त्यात पावसाळ्यात कातळावर शेवाळ, आणि पाऊस गेला की सुटा मुरूम. तेव्हा सांगायचं ते आदल्या दिवशीही नाही आणि आल्यावरही नाही. याच आठवड्यात. आणि तोवर पंपरूमला कुलूप.

आता जरा अवघड गोष्ट. मला वाटतं, तिला माहीत आहे. मडगार्ड नसलेल्या सायकलचं मागचं चाक कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ पट्टी ओढतं. चालायला गेलेल्या माणसाच्या पोटऱ्या मळतात, पाठ नाही. जुलै-ऑगस्टभर ते टी-शर्ट कोणी भिजत घातले? तुम्ही स्वतः घातले असतील, तर मग शंकाच नको, नवरा आपले कपडे आपण धुवायला लागला की बायकोला सगळंच कळतं.

मग ती गप्प का? ते मी इथून सांगू शकत नाही. पण तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. त्यात तिच्याविषयी दोनच वाक्यं आहेत: सातवा महिना होता, आणि ती नाही म्हणेल. या दोन वाक्यांच्या मध्ये 11 वर्षं आहेत हो! कॉलरबोन मोडलं की हात कित्येक आठवडे गळ्यात. शर्टाची बटणं कोणी लावली? अवघडलेल्या पोटाने तुम्हाला उठवलं-बसवलं कोणी? तिच्या डोहाळजेवणाचं काय झालं? तुम्ही पडलात ही घरात सांगायची गोष्ट झाली असेल, तिचे ते महिने कसे गेले हे तुम्ही कधी विचारलंत का?

म्हणून परवानगी मागू नका आणि निर्णयही कळवू नका. आधी खोटं बोललो हे एका वाक्यात कबूल करा, मग ते दिवस तुझे कसे गेले, एवढंच विचारा. तिचं बोलणं संपेपर्यंत रेस आणि फी मध्ये आणायची नाही. ती रडेल, चिडेल, कदाचित हसेलही. मग दुसऱ्या दिवशी हिशेबाचं बोला, तो तुम्हाला जमेल. आठवड्यातल्या 3 पहाटा तुम्ही घेता, त्या वेळी डबा आणि शाळेची तयारी तिच्या गळ्यात. उरलेल्यांपैकी 3 तिच्या. त्या वेळेत ती झोपो नाहीतर गाणं शिको, तुम्ही विचारायचं नाही.

आता जमेल का. माझा भाचा या खेळात आहे, त्याला मी पिळून काढलं. तो म्हणतो, फसवतो तो दम. छाती-फुप्फुसं काही आठवड्यांत जुन्या वळणावर यायला लागतात, पण सांध्यांभोवतीचे स्नायुबंध भरायला महिने लागतात. म्हणजे तुम्हाला ‘आलो परत!’ असं वाटायला लागेल तो आठवडा सर्वांत धोक्याचा. हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून घ्याच. हाडांच्या डॉक्टरांनाही भेटा, कारण जुन्या प्लेटवर पुन्हा आपटलं तर हाड प्लेटच्या टोकाशी मोडू शकतं. आणि चष्मा! शेहेचाळिशीत प्रोग्रेसिव्ह (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेला) लागला असणार. त्याच्या खालच्या भागातून पुढच्या चाकाजवळची जमीन धूसर दिसते. सायकलवर फक्त लांबचा नंबर असलेला घाला.

सायकल अकरा वर्षांपूर्वीची, म्हणजे कदाचित 26 इंची चाकांची. रेसला बहुतेक जण 29 इंचीवर दिसतील. बुजू नका, आणि त्यासाठी कर्जही काढू नका, बँकेत असलात तरी. फोर्कचे (पुढच्या शॉक-अब्झॉर्बरचे) सील आणि टायर तेवढे बदला. ब्रेक डॉट फ्लुइडचे (एक प्रकारच्या ब्रेक ऑइलचे) असतील तर ते फ्लुइडही, कारण ते हवेतला ओलावा शोषतं (आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा!). ओलावा धरलेलं फ्लुइड लांब उतारावर तापून उकळतं आणि लिव्हर ऐनवेळी पोकळ लागतो.

अटलांटा ऑलिंपिकमध्ये, 1996 साली, हा खेळ पहिल्यांदा आला. तेव्हाच्या मानाने आता रेस छोट्या आणि मार्ग अवघड झालेत, दगडांचे टप्पे आणि उड्या मुद्दाम घालतात. क्रॉस-कंट्रीत, म्हणजे चढ-उतारांच्या कच्च्या मार्गावरच्या रेसमध्ये, सायकल हातात धरून असा टप्पा उतरणं नियमाविरुद्ध नसतं. ते जमलं तर ठीक, लाज वाटली तर ही रेस सोडा. डिसेंबरची रेस जुन्या ओळखीच्या मार्गावर असेल तरी सोडा, फी गेली तर गेली. जिथे कधी चाक लावलं नाही असा मार्ग शोधा, म्हणजे पस्तिशीतल्या स्वतःशी घड्याळ लावायची सोयच नाही. वयोगटही अर्जात नीट बघा. जागतिक मास्टर्स स्पर्धेत पस्तिशीपासून दर 5 वर्षांना वेगळा गट असतो, तुम्ही पंचविशीच्या पोरांमध्ये नाव घालून बसला नाहीत ना?

राहता राहिलं हेल्मेट. त्याच्या आतला फोम थर्माकोलसारखा, एकदाच दबतो. तुमचं डोकं वाचवताना तो दबून झालाय, आता डोक्यावर आहे ती नुसती टोपी. उपकार फेडायचेच असतील तर उलटं करून बाल्कनीत टांगा आणि त्यात मनीप्लांट लावा. पाणी मात्र तुम्ही घालायचं.

– ताई