मानपत्रात काय लिहावं

चि. ... यास अनेक आशीर्वाद.

कारखाना निरीक्षक असलेल्या तुमच्या साहेबांच्या सेवानिवृत्तीचं मानपत्र लिहायचं काम तुझ्याकडे आलं, याचा मनापासून आनंद झाला. मसुदा वाचला. 'कर्तव्यदक्ष', 'मितभाषी', 'कार्यतत्पर' हे तिन्ही शब्द काढून टाक. ते कुठल्याही खात्यातल्या कुणालाही लागू पडतात. ज्या माणसाची सगळी नोकरी कारखान्यांच्या तपासणीत गेली, त्याचं काम यंत्रांवर दिसतं. तेव्हा लिहायला बसण्याआधी नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या जुन्या प्रेस शॉपमध्ये परवानगी काढून जा आणि एका पॉवर प्रेसशेजारी, म्हणजे दाबाने पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्राशेजारी, तासभर उभं राहा.

नाशिकमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने पुष्कळ, आणि बोटं जातात ती बहुतेक प्रेसवरच. जुन्या प्रेसला रोलिंग कीचा, म्हणजे फिरत्या खिळीचा, क्लच असतो. पायडल दाबलं की ही 'की' फ्लायव्हीलमध्ये (सतत फिरणाऱ्या जड चाकात) अडकते आणि शाफ्टचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. मिनिटाला 60 स्ट्रोकची प्रेस असेल, तर रॅम, म्हणजे वरखाली होणारा दाबाचा भाग, वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो, आणि मध्येच त्याला थांबवता येत नाही. कीची स्प्रिंग थकली, अडकवणारा खटका झिजला किंवा ब्रेक सैल झाला, की पायडल न दाबताच रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. यालाच कामगार 'डबल स्ट्रोक' म्हणतात. ऑपरेटर त्या वेळी तयार पीस काढायला हात आत घालतच असतो.

इथे एक चूक हमखास होते. मालक हौसेने लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की यंत्राला थांबायचा इशारा देणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बसवतो. पण कीच्या क्लचवर त्याचा उपयोग शून्य, कारण हात दिसला तरी रॅम थांबणारच नाही. तिथे डायभोवती, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याभोवती, पक्का गार्डच हवा, आणि त्यातली फट बोट शिरणार नाही इतकी, म्हणजे 6 मिमीच्या आत. लाइट कर्टन चालतो तो हवेच्या दाबावरच्या फ्रिक्शन क्लचला, कारण तो फेऱ्याच्या मध्येच सुटतो. तिथेही अंतर मोजावं लागतं. हात सेकंदाला 2 मीटर वेगाने येतो असं धरतात. बारीक किरणांच्या कर्टनमध्ये हात शिरल्यापासून रॅम थांबेपर्यंत 0.2 सेकंद जात असतील, तर कर्टन डायपासून निदान 400 मिमी लांब हवा. ब्रेकचं लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो, कर्टन मात्र होता तिथेच राहतो. फीत घेऊन हे अंतर मोजायला लावणारा अधिकारी आणि नुसता 'कर्टन आहे' असा शेरा मारणारा अधिकारी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मानपत्रात तोच फरक आला पाहिजे.

दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून लावलेली दोन हातांची बटणंही जवळून बघ. एका बटणात चिंधी कोंबलेली किंवा रबर गुंडाळलेलं दिसलं, तर ऑपरेटरवर रागावू नकोस. नगावर मजुरी असली, गार्डमुळे स्क्रॅप अडकत असला, तर माणूस वाट काढतोच. चांगला निरीक्षक आधी डाय बघतो. पीस घसरून खाली पडेल अशी च्यूट (घसरपट्टी), लांब चिमटा, बाहेर सरकणारी डाय, यातलं काय बसेल ते सुचवतो. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक सुटेल, असा रिले बसवला की चिंधीचा उपयोगच उरत नाही.

कारखान्यातलं तपासणीचं पुस्तक मिळालं तर साहेबांचे शेरे वाच. 1948 च्या कारखाने अधिनियमात (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) यंत्रांच्या गार्डचं कलम 21 होतं. धोका डोक्यावर आलेला असेल तर यंत्र वापरायला लेखी मनाई करण्याचा अधिकार कलम 40 देत असे. मनाई कधी केली आणि मुदत देऊन काम कधी करून घेतलं, यातून माणूस कळतो. असे दोन शेरे, यंत्र आणि दुरुस्ती यांसह, मानपत्रात घाल. कारखान्याचं नाव नको. जखमी कामगाराचंही नको. तक्रार कुणी केली होती हे तर सूचकपणेही नको, कारण तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणं हे कायद्यानेच निरीक्षकावर टाकलेलं बंधन आहे. त्यांनी इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित निरोपाच्या दिवशी आपण फोडायचं नाही.

पैशांचं आत्ताच ठरव. त्यांनी ज्या कारखान्यांची तपासणी केली, त्यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नकोस, कुणी आपण होऊन दिला तरी. सहकाऱ्यांनी स्वखुशीने दिलेल्या वर्गणीत शाल, श्रीफळ आणि चहा-फराळ व्हावा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 ला साधा, घरगुती निरोप समारंभ चालतो. वर्गणीची सक्ती चालत नाही. सोन्याची अंगठी दिली, तर त्या माणसाने जपलेलं नाव आपणच मळवू.

तारीख जन्मतारखेवरून पुन्हा तपास. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होणाऱ्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी मध्यान्होत्तर सेवानिवृत्ती असते, पण जन्म 1 तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. समारंभ पहिली पाळी सुटल्यावर ठेव, म्हणजे प्रेसवरचे दोघे-तिघे येऊ शकतील. मसुदा त्यांना आधी वाचून दाखव. यंत्राबद्दल काही चुकलं असेल तर ते लगेच सांगतील.

तुझा,
काका